मौकुफीची दवंडी

दौरा हा शब्द आता अगदीच गुळगुळीत झाला. मंत्री दौऱ्यावर जातात, क्रिकेटचा संघ दौऱ्यावर जातो, परवा आमचे नातजावई साबणाच्या एजन्सीच्या कामासाठी नांदेडला जाऊन आले आणि "दौरा बरा झाला, आजोबा" म्हणाले. मला हसू आलं. निजामाच्या अमलात आमच्या भागात 'दौरा आला' अशी नुसती कुणकुण लागली, की बायका आधी कोंबड्या डालग्याखाली झाकत, मग दुधाचं गाडगं कणगीच्या मागं सरकवत आणि शेवटी नवऱ्याला म्हणत, "तुमी आता अंधार पडल्याबिगर घरी येऊ नगा." नवराही झाकायच्या मालातच मोजला जाई.

या अंकाच्या संपादकांना मी त्या काळच्या प्रशासकीय सुधारणांवर काहीतरी भारदस्त लिहीन अशी आशा आहे. भारदस्त माझ्याकडं काही नाही. माझ्याकडं एकच सुधारणा आहे. ती मी स्वतः एका गावात लागू केली आणि त्यापायी नोकरी घालवली. तेवढीच सांगतो.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पाटलांचे नातू अजून मला दिवाळीला बोलावतात. तामलवाडीहून तुळजापूरकडं जाताना आत वळलं की लागायचं, एवढं पुरे. मी तिथं पटवारी गुमास्ता होतो, गावाच्या तोंडी आप्पा. पटवारीपण तेव्हा वतनी असे, म्हणजे पटवारी ठरलेल्या घरात जन्माला येत. आमचे वतनदार तुळजापुरात घर बांधून राहिलेले, रोज देवीचं दर्शन घेणारे आणि गावाचं दर्शन मात्र सुगीच्या सुमाराला, ज्वारी न्यायच्या वेळी घेणारे. त्यांच्या वतीनं काम करायला ठेवलेला माणूस म्हणजे गुमास्ता. मी तुळजापुरातल्या लिंगायत दुकानदाराचा मुलगा. घरात कानडी, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू, या भांडवलावर मला ती जागा मिळाली. गावचं दप्तर मराठीत, तहसिलीतून येणारा कागद उर्दूत, आणि गावात उर्दू वाचणारा मी एकटा. तहसिलीला काय पाहिजे ते गावाला सांगायचं आणि गावानं काय दिलं ते तहसिलीला लिहायचं. गावाला काय पाहिजे, हे विचारणारा कागद माझ्या हाती कधी आला नाही.

दौऱ्याचं कारण पिकांची पाहणी, चावडीची तपासणी असं काहीही असे. दौऱ्यावरच्या अंमलदार साहेबाबरोबर त्याचा कागदपत्रं सांभाळणारा पेशकार, चपराशी, खानसामा, तंबू, खुर्च्या, पेटारे आणि अंघोळीचा एक जस्ती टब. ज्या गावी मुक्काम पडेल त्या गावानं या लवाजम्याची सरबराई करायची. कोळ्यानं पाणी भरायचं, कुंभारानं मडकी द्यायची, धनगरानं बकरं, ज्याच्याकडं दुभतं त्यानं दूध. सगळं फुकट. सामान शिवेवरून गावात आणायचं आणि मुक्काम हलला की पुढच्या गावाच्या शिवेवर डोक्यावरून नेऊन टाकायचं, ते महारवाड्याच्या माथी. याला बिगार म्हणत. नको म्हणणाऱ्याला चपराशाची काठी होती.

साहेब लोकही एकेक नमुने. एकाला हकिमानं काळ्या शेळीचं दूध सांगितलेलं. गावात काळी शेळी नाही. मी हवालदिल होऊन पाटलांकडं गेलो, तर ते म्हणाले, "दूध कुठं काळं असतंय?" तांबड्या शेळीचं दूध गेलं, साहेबांचं पोट सुधारलं आणि निघताना त्यांनी ती काळी शेळीच बरोबर न्यायची इच्छा सांगितली. ती त्याच पहाटे लांडग्यानं नेल्याचं पाटलांनी असा काही चेहरा करून सांगितलं, की साहेबही दोन मिनिटं गप्प उभे राहिले.

शेळीचा प्रसंग आम्ही पुढं कितीतरी वर्षं रंगवून सांगायचो. सिद्रामचा प्रसंग कुणी रंगवून सांगितला नाही. सिद्राम हा गावचा येसकर. वेस राखणं, सांगावे पोचवणं, हलगी वाजवून दवंडी देणं ही त्याच्या वतनाची कामं. त्याबद्दल घरोघरची भाकरी, सुगीला धान्याचा वाटा आणि ओढ्याकडेला इनामाचा एक तुकडा. तुकडा लहान, पण माती काळीभोर. रब्बीची ज्वारी पेरायची तर वाफसा लागतो, म्हणजे पाऊस उघडल्यावर मातीचा चिखलही नसतो आणि दगडही झालेला नसतो, असे थोडके दिवस. दौरेही नेमके त्याच दिवसांत निघत, कारण साहेबांनाही वाळलेले रस्ते लागत.

माझ्या त्या सुधारणेच्या आदल्या वर्षी सिद्राम साहेबाचा टब डोक्यावर घेऊन नळदुर्गच्या वाटेला लागला. पुढच्या गावचे लोक दौऱ्याची खबर लागून पांगलेले, म्हणून चपराशांनी त्यालाच पुढं नेलं, तिथून आणखी पुढं. तो परत आला तेव्हा वाफसा गेला होता. उसनी बैलं आणून त्यानं पेरायला तिफण घातली तर ढेकळंच वर येऊ लागली. रान पड राहिलं. त्याची बायको शेवंता चावडीपुढं येऊन उभी राहिली. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "आप्पा, सायबाला आंगुळीला पानी किती लागतं वो? आमची सालभराची भाकर धुऊन गेली त्यात." यावर तहसिलीला काय लिहायचं ते मला उर्दूत सुचलं नाही आणि मराठीतही नाही.

पुढच्या पावसाळ्यात एक गश्ती आली. गश्ती म्हणजे गावोगाव धाडलेलं सरकारी परिपत्रक. तिकडं विलायतेत मोठी लढाई जुंपलेली, इकडं हैदराबादेत कुणा अंमलदाराला रयतेची दया आली होती की धास्ती वाटली होती, देव जाणे. दौऱ्यावरच्या लोकांनी रयतेकडून बिगार घेऊ नये, जिनसा बाजारभावानं विकत घ्याव्यात, असा मजकूर. शेवटी वाक्य होतं, बेगार मौकूफ की जाती है. मौकूफ म्हणजे बंद, रद्द. मी चावडीत पाटलांना ते वाचून दाखवलं. रीतच तशी होती. पाटलांना वाचून दाखवायचं, खाली 'तामील झाली' म्हणजे हुकूम अमलात आला असं लिहायचं आणि बांधून ठेवायचं.

"ब्येस लिवलंय," पाटील म्हणाले. "कर तामील. ठिव बांधून."

"तामील करायची तर दवंडी द्यावी लागंल, पाटील."

"कसली दवंडी?"

"वसुलाची देतो, जनावरांच्या रोगाची देतो. ही बी सरकारचीच हाय की."

पाटील हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "आरं आप्पा, येडा का खुळा तू? अशा लई आल्या आन गेल्या. कागदावरचं कागदावर ऱ्हाऊ दे. हलगी वाजली की त्यो हुकूम गावात आला. एकदा गावात आला की बाहीर कोन घालवनार? मंग सायबाला कोंबडी कोन दील, तुझा बाप? त्यो तर लिंगायत, त्याच्या घरी कोंबडी बी न्हाय."

"साहेब इकत घेतील."

"बापजल्मात कुन्या सायबानं इकत घेतलेली बघितलीस?"

"न्हाय. म्हनूनच दवंडी."

पाटलांनी पानाची चंची बांधली आणि उठले. जाता जाता म्हणाले, "मी आज तुळजापूरला गेलतो म्हनून सांग." ते घरीच गेले, आणि जाताना दार लावून घेतलं.

अशा आठवणी लिहिताना 'मी काही शूर नव्हतो, पण' अशी सुरुवात करायची पद्धत आहे. मी ती पाळत नाही. मला राग आला होता आणि तो राग मला आवडत होता. सरकारनं स्वतः दिलेली गोष्ट सरकारच्याच नोकरानं लपवून ठेवायची, हे मला त्या दिवशी जमण्यासारखं नव्हतं. मी सिद्रामला बोलावलं.

"दवंडी द्यायची आहे."

"काय म्हनू, आप्पा?"

उर्दू शिकल्याचा डौल असतो अंगात. मी म्हणालो, "म्हण, सरकारनं बिगार मौकूफ केली." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, काही विचारलं नाही आणि हलगी शेकायला घेतली. थोड्या वेळानं वेशीकडून आवाज आला, मग पेठेतून, मग देवळाजवळून. "ऐका हो ऐका, सरकारनं बिगार मौकूफ केली हो." मी चावडीत बसून मोठ्या समाधानानं ऐकत होतो.

समाधान फार टिकलं नाही. महारवाड्यातल्या बायका चावडीवर आल्या. पुढं शेवंता. मागं सिद्राम, हलगी पाठीला लावून.

"आप्पा, काय गुन्हा झाला आमचा?"

"कसला गुन्हा?"

"वतन काडलं न्हवं आमचं? घरची भाकर गेली, रान गेलं. मौकूफ केलं म्हनं समद्यास्नी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गावाला मौकूफ हा शब्द एकाच अर्थानं ठाऊक होता. चपराशी चोरी करताना सापडला, मौकूफ. शाळेचे मुनशी सहा महिने घरीच बसले, मौकूफ. नोकरीवरून काढलं की मौकूफ. बिगार हे काम आणि बिगारी हा माणूस, हा भेद हलगीच्या दणक्यात कुठला टिकतोय? साऱ्या गावानं ऐकलं ते असं, की राबणाऱ्या लोकांना सरकारनं कामावरून काढून टाकलं, म्हणजे कामाबरोबर जे पोटाला मिळत होतं तेही गेलं.

मी सिद्रामला म्हणालो, "तुला तरी कळलं होतं का?"

"मला बी तसंच वाटलं," तो म्हणाला. "म्हनलं, आपली गच्छंती हाय. पर तुमी सांगितलं म्हनून वराडलो."

 स्वतःची भाकरी गेल्याची दवंडी तो माणूस साऱ्या गावभर, एकही गल्ली न चुकवता देऊन आला होता. मी उठून उभा राहिलो. वतनाला धक्का नाही, रान तुमचंच, भाकरी तुमचीच, फक्त साहेबाचं ओझं फुकट वाहायचं नाही, असं मी दोनदा, तीनदा समजावून सांगितलं. शेवंतानं पदर सारखा केला.

"मंग असं मानसावानी बोला की वो! मौकूफ मौकूफ काय लावलंय?"

आणि तिनं नवऱ्याला तिथंच दवंडी सांगितली. ती शब्दशः मला पाठ आहे. "सायबाचं वझं फुकट वाहायचं न्हाय हो. दूध-कोंबडी फुकट द्यायची न्हाय हो. वतन हाय तसंच हाय हो." सिद्राम तीच देत पुन्हा सारा गाव फिरला. पुढं मी सरकारी भाषांतरं खंडीभर पाहिली, स्वतःही केली. त्या बाईच्या तोडीचं एकही आढळलं नाही.

पाऊस उघडला, वाफसा आला आणि त्याच्या पाठोपाठ दौरा आला. आधी तट्टावर बसून पेशकार हजर झाले. पेशकार आपल्याच मुलखातले, घरी मराठी बोलणारे. जुलूम करायला परकी भाषाच लागते असं काही नाही. त्यांनी चावडीत बसून लागणाऱ्या जिनसांची याद सांगायला सुरुवात केली. कुंभाराला बोलावलं, तर तो म्हणाला, "मडकी हाइत. दाम द्या, न्या." धनगर म्हणाला, "बकरं देतो, भाव करा." कोळी पेरायला गेला होता, त्याची बायको म्हणाली, "हीर तिकडं हाय, पोहरा तिथंच हाय." पेशकार माझ्याकडं वळले.

"यांना हे कुणी शिकवलं?"

"सरकारनं," मी म्हणालो.

मागच्या गावचे लोक साहेबाचं सामान आमच्या शिवेवर ठेवून रिवाजाप्रमाणं परत गेले होते. तिथून ते आमच्या लोकांनी उचलायचं. कुणी उचललं नाही. पेटारे, तंबूच्या काठ्या, खुर्च्या वाटेवर पडून राहिल्या आणि तो टब उन्हात चकाकत बसला. पेरणीला जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. अशात साहेब शिवेजवळच्या आमराईत येऊन घोड्यावरून उतरले, तर बसायला खुर्ची नाही. मी चावडीतली घोंगडी अंथरली. माझी घोंगडी, माझ्या खुशीनं.

हे साहेब आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. मऊ बोलत. मला अशांचीच जास्त भीती वाटे. पेशकारानं कानाशी लागून सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "डौंडी किसने पिटवाई?"

"मैंने, हुजूर. सरकार की गश्ती है. तामील की."

"गश्ती तुम्हारे पढ़ने के लिए थी," ते शांतपणे म्हणाले. "सुनाने को किसने कहा?"

तुम्हाला वाटेल, हे निजामाच्या राज्याचं वाक्य. मी ते पुढं स्वराज्यातही ऐकलं, वेगवेगळ्या टोप्यांखालून आणि अगदी शुद्ध मराठीत.

चपराशी जाऊन सिद्रामला रानातून घेऊन आला. गुडघ्यापर्यंत काळी माती, हातात घरून मुद्दाम आणायला लावलेली हलगी. वाटेवरच्या रानांतली औतं थांबली होती, माणसं बांधावर येऊन उभी होती. पाटीलही आले, पण आंब्याच्या खोडाआड. साहेब मला म्हणाले, याला आत्ता वाजवायला लावा. म्हणू दे, आधीची दवंडी चुकीनं झाली, बिगार चालू आहे.

मला फक्त भाषांतर करायचं होतं. जन्मभर तेच केलं होतं.  पण शिवेवर तो टब दिसत होता आणि आदल्या वर्षीचं ढेकळांचं रान डोळ्यांपुढं होतं. मी म्हणालो, "हुजूर, लेखी हुकूम द्यावा. लगेच दवंडी देतो."

लेखी कोण देणार? वरच्यांनी बंद केलेली गोष्ट मी चालू करतो, असं सहीनिशी लिहून द्यायला साहेब काही खुळे नव्हते. त्यांनी पेशकारांकडं बघितलं. मग पेशकार पुढं सरसावले आणि त्यांनी सिद्रामला मराठीत दरडावलं. चपराशानं काठी हातात तोलली.

सिद्राम माझ्याकडं बघेल असं मला वाटलं होतं. त्यानं बघितलं नाही. त्यानं हलगी उलटी करून पाहिली, जणू ती पहिल्यांदाच हातात आली होती.

"वाजवतो की, सायेब. दाम कोन दील?"

"दाम?" पेशकार किंचाळले. "दवंडी देणं तुझ्या वतनाचं काम आहे!"

"गावाची दवंडी वतनाची," सिद्राम म्हणाला. "ही सायबाच्या वझ्याची हाय. ही फुकट वाजवली तर ही बी बिगारच झाली की. आन बिगार मौकूफ हाय."

मौकूफ. शेवंतानं त्याच्या तोंडून काढून टाकलेला शब्द त्यानं बरोबर जिथं लावायचा तिथं लावला. आंब्याच्या खोडाआड कुणीतरी हसलं. तिथं पाटलांशिवाय कुणी नव्हतं. चपराशानं काठी उगारली, तेवढ्यात साहेबांनी बोट वर केलं आणि ती तशीच खाली आली. ती दया नव्हती. साहेब हिशेबी होते. येसकराला मारलं असतं तर तक्रार झाली असती, आणि तक्रार लिहिणारा समोरच उभा होता. मला काढणं त्यापेक्षा सोपं होतं.

"बेगार मौकूफ हुई या नहीं, हम नहीं जानते," ते मला म्हणाले. "तुम मौकूफ."

तिथल्या तिथं हुकूम लिहिला गेला. माझ्या बाबतीत मात्र लेखी द्यायला काहीच अडचण आली नाही. साहेबांनी तामलवाडीहून भाड्याच्या गाड्या मागवल्या, दाम मोजून. टब गाडीत बसून गेला. सिद्राम तोवर कधीच रानाकडं वळला होता, कारण वाफसा कुणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी वतनदारांचा निरोप आला, दप्तर नव्या माणसाच्या ताब्यात द्यावं. नवा माणूस पेशकारांचा भाचा निघाला. मला नवल वाटलं नाही. त्याची पहिली मागणी म्हणजे माझ्या मौकुफीची दवंडी झाली पाहिजे, नाहीतर लोक माझ्याकडंच येत राहणार. सिद्राम त्याला म्हणाला, "ही बी सायबाचीच हाय. दाम?" शेवटी तो बिचारा स्वतः घरोघर जाऊन मी गेल्याचं सांगत फिरला, आणि बायका त्याला विचारत होत्या, "आन तुमी कोन?"

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्यानंतर दौऱ्याचे साहेब आमचं गाव टाळून पुढं जाऊ लागले. आसपासच्या गावांत बिगार चालू राहिली, ती अगदी निजामाचं राज्य जाईपर्यंत, आणि काही ठिकाणी नंतरही. पोलीस कारवाईनंतर मला दुसऱ्या तालुक्यात तलाठी म्हणून घेतलं आणि तिथून मी पेन्शनीत आलो. लोक मला म्हणतात, एका गावानं काय झालं? राज्य हललं का? नाही हललं. मला राज्य हलवायचं नव्हतं, मला एका माणसाचं रान पेरून हवं होतं. राज्य हलवणाऱ्यांनी ते हलवलं, त्यांना माझा नमस्कार. पण कायदा करून तो कपाटात ठेवणाऱ्यांना मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. नंतरच्या नोकरीत जिल्ह्याला मोठाल्या बैठका होत, नवं धोरण, नवी योजना वाचून दाखवत, आणि मी मागच्या बाकावरून विचारी, "हे गावात ओरडून कोण सांगणार?" त्यामुळं माझी बढती दोनदा राहिली. राहू द्या.

गाव सोडलं तो दिवस तेवढा सांगायचा राहिला. माझ्याकडं एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पाटलांच्या मनात गाडी द्यायचं असावं, पण गाडीची बैलं औताला होती, आणि पेरणीतली बैलं मी मागितलीही नसती. गावात त्या दिवशी रिकामा माणूस कुणी नव्हता. मी ट्रंक खांद्यावर घेतली, वळकटी पाठीला बांधली आणि निघालो. पटवारी स्वतःचं ओझं घेऊन चाललाय, हे त्या रस्त्यानं तोवर पाहिलं नसावं. वेशीपासूनच खांदा बोलू लागला. ट्रंकेची कड हाडावर टेकत होती.

ओढ्याच्या काठानं वाट सिद्रामच्या रानाला लागून जाई. तो तिफण हाणत होता, शेवंता मागून चाड्यावर मूठ धरून बी सोडत चालली होती. मला वाटलं, आता हा औत सोडून येणार, ट्रंक मागणार, आणि मला नको म्हणावं लागणार. मी मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तो आला नाही. हातातलं तास, म्हणजे पेरणीची ओळ, संपवून तो बांधाशी वळला तेव्हा आम्ही समोरासमोर आलो. त्यानं बैलं थांबवली नाहीत, नुसती हळू केली.

"जड हाय का वो, आप्पा?"

"हाय."

त्यानं माझ्याकडं, मग ट्रंकेकडं नीट पाहिलं. शेवंताही पाहत होती, पण तिची मूठ चाड्यावरून हलली नाही.

"मंग खांदा बदलत जावा," तो म्हणाला. "एकाच खांद्यावर लई येळ धरू नगा. तुळजापूरपतुर जमतंय." आणि बैलांना हाक घालून तो पुढच्या तासाला लागला.

मी खांदा बदलला आणि चालू लागलो.